कुंपणापाशीचं गवत

"अरे विवेक, इकडे ये लवकर! तो पोरगा गवत खातोय!"

किचनची खिडकी सताड उघडी, त्यात लेकाला हाक मारणारा शोभाताईंचा आवाज म्हणजे काय विचारता! मागच्या अंगणात गवत कापायला आलेल्या सारंगला शब्द न् शब्द कळला. कोवळी काडी दातांतच राहिली.

भूक नव्हती हो त्याला! सवय होती नुसती. गावी बांधावरची काडी चघळायचा, तशी इथे परदेशात, केलीव्हिलला कुंपणापाशी माजलेल्या गवताची. उपसून काढली की देठाचा पांढरा भाग कसला गोड लागतो!

पण हे सांगणार कसं? बाईंच्या लेखी त्याला मराठी येतच नव्हतं ना! पहिल्याच दिवशी त्याने बाईंना फोनवर त्यांच्या फलटणच्या मावशीशी गप्पा मारताना ऐकलं आणि धसकाच घेतला, खरं तिकडे कळलं तर? तिकडे त्याची आई फलटणभर सांगत सुटली होती, आमचा सारंग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कामाला आहे. मग बाईंनी "मराठी का रे?" विचारताच याने ठोकून दिलं, "नो मॅडम, लुधियाना."

"टूनगॅबीला एकेका खोलीत कोंबून राहतात ही शिकायला आलेली पोरं," आत शोभाताईंचं चालूच होतं. "आईबाप पाठवतात तरी कशाला? असं गुरांसारखं चरायला?"

सारंगचे कान तापले. काडी त्याने गुपचूप खिशात कोंबली.

थोड्या वेळाने बाई ताट घेऊन बाहेर आल्या. "बेटा, खाना खा लो."

भरलं वांगं! नाही म्हणायला उघडलेलं तोंड तसंच घासाकडे वळलं. पायरीवर बसून, मान खाली घालून तो जेवत राहिला. तेवढ्यात गरम पोळी घेऊन बाई पुन्हा वाकल्या. सारंगने दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"नको काकू, खरंच! अर्धीच वाढा!"

बाईंनी सवयीने पोळी मोडली, अर्धी ताटात टाकली. आणि मग दोघंही थिजले.

"म्हणजे मघाशी मी..." त्यांचा चेहरा उतरला. "कुठला रे तू?"

सारंगने ती अर्धी पोळी संपवली. बागेच्या नळावर ताट धुतलं, पायरीवर उपडं ठेवलं. मग गवत कापायच्या मशीनची दोरी खेचली.

काकूंचे ओठ हलत होते. मशीनच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं, तेच बरं होतं. त्याने मशीन सरळ कुंपणाकडे वळवलं आणि सगळं गवत मुळापर्यंत कापून टाकलं.

काकू उरलेली अर्धी पोळी हातात धरून पायरीवर उभ्याच होत्या.