शेवटचे बटण

डोळे पूर्ण गेल्यापासून मूंटा गावच्या क्लेम ट्रेझाइजना संगणक सगळे वाचून दाखवी. दर मंगळवारी ॲडलेडहून टेगनचा फोन येई. गावोगावच्या वृद्धांची ने-आण करणाऱ्या बससाठी ती संकेतस्थळ घडवत होती आणि अंध माणसाला त्यावर एकट्याने जागा राखता येते का, हे क्लेमकडून तपासून घेत होती. क्लेमच्या संगणकाचा पडदा तिला तिकडे दिसे. तिने मदत करायची नाही आणि त्यांनी मनात येईल ते मोठ्याने बोलायचे, हा चाचणीचा नियम. बायको थेल्मा गेल्यानंतर त्यांचे बोलणे इतके मन लावून कुणी ऐकले नव्हते. म्हणून गेले काही मंगळवार ते शेवटच्या बटणापाशी मुद्दाम अडत होते.

"अडलात तर चूक माझी, तुमची नाही," टेगन नेहमीसारखे म्हणाली. "पोर्ट पिरीच्या दवाखान्यात जायचंय. करा सुरुवात."

"सारखं दवाखान्यातच पाठव. एखाद्या वेळी नाचायला पाठवू नकोस!"

ती हसली आणि गप्प झाली. गाव, तारीख, वेळ. "जागा राखा, बटण," यंत्र म्हणाले. क्लेमनी बोट पुढे सरकवले.

"सापडत नाही गं पोरी."

"क्लेम, नियम मोडून बोलते. तुम्ही आत्ता त्या बटणावरून पुढे गेलात. मागच्या मंगळवारीही गेलात."

त्यांचे कान तापले.

"आज अडलं तर बसची समिती हे काम हिवाळ्यापुढे ढकलेल. खरं सांगा, बटण ऐकू येतं?"

शेजारच्या व्हेराचीही नजर जात चालली होती. दवाखान्यात सोड म्हणून ती सुनेला फोनवर विनवी, ते भिंतीपलीकडून क्लेमना ऐकू येई.

"स्वच्छ येतं," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

"तुमची जागा राखली आहे," यंत्र म्हणाले.

"झालं!" टेगनचा आवाज फुलला, मग ओशाळला. "चाचणी संपली. पुढचा मंगळवार आता तुमचा मोकळा."

"माझे सगळेच मोकळे असतात."

"सोमवारपासून खरी बस मिळेल. पहिल्यांदा कुठे जाल?"

"बघतो."

फोन बंद झाल्यावर त्यांनी गावांची यादी उघडली. कडीना. मेटलंड. यंत्र एकेक नाव घेत गेले. प्रत्येक नावापाशी ते थांबत, तिथे आपल्याला ओळखणारे कुणी उरले आहे का ते आठवत आणि बोट खाली नेत. यादी संपली, तशी यंत्राने ती पुन्हा वरून वाचायला घेतली.