जुमादिलचे दोन आवाज

किर्गिझस्तानातल्या नारिन गावच्या मैदानात घोडेस्वारांचा खेळ असला की भोंग्यावर आवाज जुमादिलचाच. धूळ इतकी उडायची की घोडे दिसायचे नाहीत. लोक त्याच्या आवाजावरच खेळ बघायचे. मग घशात गाठ निघाली, बिश्केकला शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून तो टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला टेकवून बोलायचा. शब्द कळायचे, पण राग असो की लाड, सूर एकच. घुर्रर्र.

"तुम्ही दाढी करताकरता बोलताय असं वाटतं," बायको साबिरा म्हणायची.

त्यांची मुलगी कनिशाय बिश्केकमध्ये आवाजांच्या रचना करायची. अंधाऱ्या खोलीत लोक बसून त्या ऐकायचे. माणूस इथे संपला आणि यंत्र इथे सुरू झालं, अशी रेघ मारता येत नाही, हे तिचं ठाम मत. वडिलांच्या जुन्या ध्वनिफिती वापरून तिने संगणकाला त्यांचा आवाज शिकवला आणि तो घरी आणला. लिहाल ते संगणक त्या आवाजात बोलायचा.

"आके," ती वडिलांना म्हणाली, "तुमचे दोन्ही आवाज एकमेकांशी बोलतील, अशी रचना करायचीय मला. काही दिवस वापरून तर बघा."

जुमादिलने एकेक अक्षर शोधत लिहिलं. संगणक गरजला, "साबिरा, चहा ओत!"

साबिराने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं. जुमादिलचे खांदे हसून हसून हलले.

कनिशाय परत गेली. हळूहळू साबिरा त्या घुरघुरीला ओ देईनाशी झाली. "त्यात लिहा की," म्हणायची. आणि एका दुपारी, घोड्याला पाणी पाजून जुमादिल दाराशी आला, तर आत त्याचाच आवाज बोलत होता.

"गुडघा कसा आहे गं तुझा? बस जरा. मी बघतो चुलीकडे."

साबिरा चष्मा लावून संगणकापुढे बसली होती. लिहिणारी तीच, ऐकणारीही तीच.

त्याने यंत्र गळ्याला लावलं. "मी हे कधी म्हणालो?"

"कधीच नाही," ती वळून न बघता म्हणाली. "चाळीस वर्षांत एकदाही नाही."

त्या रात्री दोघं जेवली नाहीत. रविवारी कनिशाय आली, तेव्हा संगणक फडक्यात गुंडाळून दाराशी ठेवलेला होता.

"आके, तोही तुमचाच आवाज आहे. गळ्यावरचंही यंत्रच ना?"

"हे माझ्या हातात आहे," जुमादिल म्हणाला. "ते कुणाच्याही हातात. माझ्या तोंडून कुणी काहीही वदवून घेईल."

कनिशाय आईकडे वळली. "आपा, तू सांग. नेऊ?"

"आणताना विचारलं होतंस मला? मग नेताना कशाला विचारतेस?"

कनिशायने तो आवाज तिथेच संगणकातून पुसून टाकला. तेवढा वेळ साबिरा अंगणात जाऊन उभी राहिली.

ती रचना झालीच नाही. साबिरा बहिणीकडे कोचकोरला गेली, आणि बर्फ पडायच्या आत परतली. जुमादिल बसथांब्यावर गेला होता. त्याने तिच्या दोन्ही पिशव्या घेतल्या. हात गुंतले, गळ्याला यंत्र लावता येईना, त्यामुळे घरी पोचेपर्यंत त्याला काही बोलता आलं नाही. तिच्या गुडघ्यासाठी तो पावलं लहान टाकत होता. तीही त्याच्या चालीने, हळू चालत राहिली.