किटलीतल्या एकशे ऐंशी पावत्या

मी एक जुनी पितळी किटली आहे, मित्रांनो. कॉफीची. माझी चोच वाकडी आहे, पोट मोठं आहे, आणि बुडाला केसाएवढी चीर आहे. त्या चिरेमुळे मी कॉफीतून उठले आणि कागदांच्या धंद्यात पडले. माझी गोष्ट त्या कागदांचीच आहे.

करक शहराच्या बाजारातल्या एका तांबटाने मला घडवलं. हातोडीचे किती घाव बसले ते मी मोजले नाहीत, कारण तेव्हा मला मोजता येत नव्हतं. ती सवय पुढे लागली. एका लग्नात आहेर म्हणून मी डोंगरउतारावरच्या एका घरात आले आणि तिथल्या बैठकीत चुलीजवळ माझी जागा ठरली. वेलदोड्याची कडू कॉफी माझ्यात उकळायची आणि बिनकानाच्या छोट्या पेल्यांत ओतली जायची. पाहुणे घोट घ्यायचे, मान हलवायचे. "या घरची कॉफी म्हणजे कॉफी!" असं म्हणायचे. नाव घराचं व्हायचं, चटके माझ्या बुडाला. पण मी खूश होते.

आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एखादा पाहुणा काही मागायला आला, तर तो पेला हातात घेतो आणि न पिता समोर ठेवतो. मग घरधन्याने म्हणायचं, "पी. ज्यासाठी आलास ते झालं समज." हा शब्द गेला की गेला. मागणं काय आहे ते आधी विचारणारा कंजूष ठरतो. मला विचाराल तर ही रीत फार सुंदर आहे आणि फार महाग आहे.

घरात दोन भाऊ. थोरला धैफुल्ला, मेंढ्या आणि बैठक सांभाळणारा. त्याची दाढी गावात सर्वांत आधी पिकली आणि तो मान सर्वांत आधी घेऊन बसला. धाकटा मुतलक, हाताचा कारागीर. तो कुवेतला शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची बायको फिद्दा अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. त्यांचा एक मुलगा, रकान. तो मोठा होऊन अकबाच्या बंदरात कारकून झाला. त्याचा पगार विसाव्या तारखेला संपायचा.

मुतलक पंचेचाळीस वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात माझी चीर उघडली. कॉफी विस्तवावर गळली, धूर झाला आणि मला फळीवर चढवलं. त्याच सुट्टीत मुतलकने म्हातारपणाचा विचार केला. आमच्या देशात नोकरी केली की पेन्शनचा हप्ता मालक कापून भरतो. परदेशी राहणाऱ्याचा हप्ता कोण भरणार? त्यानेच, स्वखुशीने. महिन्याला साठ दिनार. असे एकशे ऐंशी हप्ते भरले की साठीला पेन्शन सुरू. पंधरा वर्षं.

"एकशे ऐंशी पावत्या," मुतलक फिद्दाला म्हणाला. "शेवटची मिळाली की मी घरी. मग तू मला हाकललंस तरी जाणार नाही."

"बघू," फिद्दा म्हणाली. "पंधरा वर्षांनी तू घोरतोस कसा, ते ऐकून ठरवीन."

हप्ता भरायचं काम थोरल्याकडे आलं. मुतलकने पैसे पाठवायचे, धैफुल्लाने शहरात जाऊन भरायचे. पहिली पावती मुतलकने स्वतः माझ्यात टाकली आणि हसून म्हणाला, "ही गळकी आहे, पण कागद काही गळत नाहीत."

तेव्हापासून मी मोजायला शिकले.

फिद्दाही मोजत होती, पण तिचं मोजणं वेगळं होतं. कुवेतहून पैसे आले की ती ऑलिव्हची एक बी धुवून काचेच्या बरणीत टाकायची. म्हणजे आमच्या घरात दोन जमाखर्च चालले होते. एक तिच्या बरणीत, पैसे निघाल्याचा. दुसरा माझ्या पोटात, पैसे पोचल्याचा. हे दोन कधी एकमेकांशी ताडून पाहायचे नव्हते, कारण थोरल्या दिराच्या बैठकीतल्या किटलीचं झाकण उघडणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मुतलक दोन वर्षांतून एकदा यायचा, माझ्या पोटावर थाप मारायचा. "काय गं, जाड झालीस की नाही?" झाकण तोही उघडत नसे. सख्ख्या भावाकडे पावती मागायची, मित्रांनो? त्यापेक्षा आमच्याकडे माणूस उपाशी झोपेल.

साठ पावत्या झाल्या. पाच वर्षं. मग कंपनीने मुतलकला वाळवंटात लांबच्या कामावर पाठवलं. तिथून पैसे पाठवायची सोय नव्हती, म्हणून त्याने चौदा महिन्यांचे हप्ते एकदम पाठवले. आठशे चाळीस दिनार. धैफुल्लाने ते पाकीट बैठकीतल्या गादीखाली ठेवलं. सकाळी शहरात जायचं ठरलं होतं.

दुपारी सुवैलिम आला. खालच्या खोऱ्यातला, मेंढ्या राखणारा. डोक्यावरचं फडकं मळलेलं, ओठ सुकलेले. माझ्या जागी आलेल्या नव्या किटलीतून धैफुल्लाने त्याला कॉफी ओतली. सुवैलिमने पेला घेतला आणि समोर ठेवला.

"पी, सुवैलिम," धैफुल्ला म्हणाला. "ज्यासाठी आलास ते झालं समज."

सुवैलिम कॉफी प्यायला आणि मग रडला. त्याच्या पोराच्या ट्रॅक्टरखाली एक बाप्या सापडला होता. जीव होता, पण इस्पितळ पैशांशिवाय हात लावत नव्हतं, आणि जखमी माणसाच्या भाऊबंदांनी तीन दिवसांची मुदत दिली होती. तीन दिवसांनंतर रक्ताला रक्त, हे सांगायची गरज नव्हती.

"किती?" धैफुल्लाने विचारलं. हा प्रश्न पेल्याच्या अलीकडचा होता, तो पलीकडे विचारला गेला.

"आठशे."

मी वरून पाहत होते. त्याचा हात गादीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याने सगळं पाकीट दिलं. वरचे चाळीससुद्धा. शब्द देणाऱ्याला सुटे मोजत बसणं शोभत नाही ना! दुसऱ्याच्या पैशाने का होईना, मन मोठं ठेवलं त्याने.

पुढच्या पावसाळ्यात मेंढ्या विकून भरीन, असं त्याने ठरवलं होतं. त्या वर्षी पाऊस झाला नाही. चौदा महिने माझ्या पोटात एकही कागद आला नाही. बरणीत मात्र फिद्दाने एकदम चौदा बिया टाकल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. माझी चोच किती मोठी आहे, पाहा ना! पण तिच्यातून कॉफीच येते, शब्द येत नाही.

पुढे मुतलकचे पैसे पुन्हा दरमहा येऊ लागले. धैफुल्लाने नवा अर्ज करून हप्ते सुरू केले. दुसऱ्या वर्षी मेंढ्या विकल्या आणि आठशे चाळीस दिनार घेऊन तो कचेरीत गेला. संध्याकाळी परत आला तो सरळ माझ्याकडे. नोटांची गुंडाळी सुतळीने बांधून त्याने माझ्यात कोंबली आणि माझ्याशीच बोलला.

"घेत नाहीत गं ते. तो पोरगेलासा कारकून म्हणाला, काका, पैसा परत करता येतो, गेलेला महिना कसा परत करणार?"

त्याच दिवशी त्याने भावाला सांगायला हवं होतं. तेव्हा मुतलक बावन्न वर्षांचा होता, अंगात जोर होता, एक वर्ष जास्त काम केलं असतं हसत हसत. पण धैफुल्लाला लाज वाटली, आणि दर महिन्याला ती लाज एकेका पावतीखाली दाबली गेली. मी तिचं वजन सांगू शकते.

मुतलक साठ वर्षांचा झाला आणि परत आला. दोन बॅगा, एक गालिचा, दुखरी कंबर. मन्साफची, म्हणजे दह्यातल्या मटण-भाताची, मोठी परात झाली, बोटं चाटून लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्याने मला फळीवरून उतरवलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, चल. आपण तिघं जाऊ. तूच भरलेस, तूच उभा राहा शेजारी."

"गुडघा धरलाय माझा," धैफुल्ला म्हणाला. त्याचा गुडघा शाबूत होता.

बसमध्ये मी मुतलकच्या मांडीवर होते. फिद्दाने भरतकामाचा काळा झगा घातला होता, लग्नानंतरचा तिसरा. एका बाईने विचारलं, "कचेरीत कॉफी न्यायला लागते का हो आता?"

"पेन्शन आहे ती," फिद्दा म्हणाली. "उकळून उकळून आणलीय."

कारकुनाने झाकण काढलं, मला उलटं केलं. पावत्या टेबलावर पसरल्या. मधोमध नोटांची गुंडाळी धपकन पडली. त्याने कागद मोजले, यंत्रात पाहिलं, पुन्हा मोजले.

"एकशे सहासष्ट. चौदा कमी आहेत, काका."

मुतलक हसला. "नीट बघ, बाळा. भावाने भरलेत माझ्या."

फिद्दा हसली नाही. तिने सुतळी सोडली होती आणि नोटा मोजल्या होत्या. आठशे चाळीस. तिने साठाने भागलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग ती हळूच म्हणाली, "हे बघ ते चौदा. इथेच आहेत."

"हे घ्या की मग," मुतलक कारकुनाला म्हणाला. "घ्या ना."

"पुढचे महिने घेतो, काका. मागचे नाही."

घरी आल्यावर धैफुल्लाने सगळं सांगितलं, जमिनीकडे पाहत. मुतलकने एकच विचारलं.

"जगला का तो माणूस?"

"जगला. त्याला नातू झालाय."

"मग बरं झालं," मुतलक म्हणाला, आणि मला उचलून स्वतःच्या घरी घेऊन आला. त्या वाक्यात किती राग होता आणि किती नव्हता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मागच्या चौदांचे पैसे पुढच्या चौदांना पुरले असते. पण पेन्शन येईपर्यंत पोटाला काय? साठवलेलं रकानच्या शिक्षणात आणि घराच्या छतात गेलं होतं. कुवेतच्या मालकाने चौदा महिने परत ये म्हटलं. निघायच्या आदल्या आठवड्यात फिद्दा एकटीच शहरातल्या इस्पितळात जाऊन आली. तिला चढ चढताना दम लागत होता. ती सगळ्यांना सांगायची, जिऱ्याचं पाणी घेते, उतरेल. आल्यावर तिने घडी घातलेला एक कागद काढला, तो हातात धरून बराच वेळ उभी राहिली, आणि माझं झाकण उघडून पावत्यांच्या तळाशी सारला.

मला वाचता येत नाही. पण कागद लपवणारा हात मी ओळखते. याआधी एक पाहिला होता.

"इस्पितळात काय म्हणाले?" मुतलकने विचारलं.

"म्हणाले, नवऱ्याला घोरणं बंद करायला सांगा."

त्याने माझं झाकण उघडलं नाही. तो गेला.

फिद्दाने बरणीतून चौदा बिया मोजून बशीत काढल्या. दर महिन्याला एक बी परत बरणीत जायची. आता हप्ते तीच भरायची आणि पावती माझ्यात टाकताना म्हणायची, "नऊ राहिल्या." "सात राहिल्या." चढ चढून आल्यावर ती आधी भिंतीला टेकायची, मग बी टाकायची. नवव्या महिन्यात बी टाकली आणि त्याच आठवड्यात ती गेली.

मुतलक दुसऱ्या दिवशी पोचला. तोवर माती देऊन झाली होती. तीन दिवस तो दाराशी उभा राहून आलेल्यांना हात देत राहिला. मग पुन्हा गेला. पाच महिने सोडले असते, तर बाकीचे एकशे पंचाहत्तर कशासाठी होते? तुम्हीच सांगा. मी हा हिशेब पुष्कळदा केला आहे. तो कुठल्याच बाजूने सुटत नाही.

शेवटचे पाच हप्ते रकानकरवी भरून तो परत आला. या वेळी त्याने घरातच मला उलटं केलं आणि स्वतः मोजलं. एकशे ऐंशी. तळाचा इस्पितळाचा कागद शेवटी पडला. त्याने तो वाचला, वरची तारीख पुन्हा पाहिली, आणि बोटांवर महिने मागे मोजत गेला. त्याच्या निघण्याच्या पाच दिवस आधीची तारीख होती.

तेवढ्यात धैफुल्ला आला. मुतलकने कॉफी केली आणि ओतली. थोरल्याने पेला घेतला आणि समोर ठेवला. वाफ थांबली तरी पेला तसाच.

"पी, दादा," मुतलक म्हणाला. "ज्यासाठी आलास ते झालं समज."

"अरे, विचार तरी आधी, काय मागायला आलोय."

"आपल्या घरात विचारून कुठे पाजतात?"

धैफुल्ला थंड कॉफी प्यायला. एका घोटाचा पेला, पण त्याला चार घोट लागले.

आता पेन्शन येते, दर महिन्याला, तारखेला. मुतलक ती आणतो, एकट्यापुरता भात लावतो. मी त्याच्या फळीवर आहे. मला कुणी घासत नाही. मी हिरवी पडत चालले आहे, त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, एवढंच मागते: आपल्या माणसाच्या हाती ठेवलेल्या गोष्टीचं झाकण मधूनमधून उघडून बघा. पावती मागितली म्हणून प्रेम कमी होत नाही. न मागितल्याने काय होतं, ते माझ्या पोटात आहे.

बशीत उरलेल्या पाच बिया मुतलकने त्या दिवशी माझ्यात टाकल्या. त्याची एक सवय अजून गेलेली नाही. येता-जाता तो माझ्या पोटावर थाप मारतो. एकशे ऐंशी पावत्या गप्प राहतात. बिया वाजतात.