जाते म्हणायचं नाही

फिरायला म्हणून आलो होतो परदेशात, लेकीकडे. बाळंतपणाला तिच्या सासूबाई येणार होत्या. पण आमची निघायची वेळ आली आणि त्या पाय मोडून बसल्या. आमचा पर्यटक व्हिसा संपत आलेला. मला दुकानासाठी परतणं भाग होतं, पण बायको अडून बसली. "पहिलटकरणीला एकटी टाकून? छे! माझी मुदत वाढवून घ्या."

घ्या म्हणे! जशी काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची.

कचेरीत काचेपलीकडे साहेब, इस्त्री केल्यासारखा चेहरा. अलीकडे आम्ही दोघं, दिवस भरत आलेली लेक आणि दुभाषा म्हणून जावई. कागद चाळून साहेबांनी बायकोला एकच विचारलं, "वाढीव मुदत संपली की जाणार ना?"

"हो तर! येते की," बायको म्हणाली.

जावई आधीच घाबरलेला. त्याने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. साहेबांच्या कपाळाला आठी. "येते? या तर आलेल्याच आहेत!"

माझं डोकंच सणकलं. "अगं बाई, जाते म्हण! एवढं एकदा जाते म्हण!"

"भरल्या दिवसांच्या लेकीसमोर? काहीतरीच तुमचं!"

मग जावयाला म्हणाली, "साहेबांना नीट सांगा. आमच्यात जाते म्हटलं की ते कायमचं. माणूस निघताना येते म्हणतो, आणि निघतो. मीही निघेन. पण शिक्क्यासाठी तोंडातून अभद्र काढणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"साहेब, ही माहेरी निघायची तेव्हाही येतेच म्हणायची. एकदा पुरात पूल बुडाला, तरी वळसा घालून सांगितल्या दिवशी दारात हजर. हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

बोलता बोलता मलाच भरून आलं. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नव्हतं.

शिक्का पडला. लेकीने आईचा हात घट्ट धरला आणि रडायलाच लागली. बायकोने उठून साहेबांना हात जोडले. "बरंय, येते हं साहेब!"

साहेब दचकून जावयाकडे बघू लागले. "पुन्हा?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण डोळे पुसत. आता विमानात एकट्यालाच बसायचं होतं, आणि प्रवासाहून परतून हिच्याशिवाय घराचं कुलूप मी आजवर उघडलेलं नव्हतं.