उकडलेलं बेणं

बायको तीन दिवस भावाकडे गेली आणि मी कर्तबगारी दाखवायला निघालो. तिथेच सगळं बिघडलं.

हळद काढून झाली होती. कढईखाली जाळ चांगला धरला होता, चार माणसं हाताशी होती आणि छपराच्या कोपऱ्यात पानांखाली झाकलेला ढीग मला उगाच आळशासारखा पडलेला दिसला. तोही मी कढईत ओतला. ती परत आली तेव्हा दारातच छाती फुगवून सांगितलं, "यंदा दोन कढया जास्त निघाल्या!"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. "ते बेणं होतं," ती म्हणाली.

बेणं म्हणजे पुढच्या लागवडीचे कंद. तिच्या आईने दिलेलं, जवळजवळ केशरी गाभ्याचं ते वाण आता आमच्याखेरीज कुणाकडेच नव्हतं, आणि आईही राहिली नव्हती. उकडल्यावर हळद मसाला होते, रंग होते, औषध होते. रोप मात्र होत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी तिच्यावरच खेकसलो, "मग सांगून जायचं होतंस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुरपं घेऊन रिकाम्या वावरात जाऊन बसली. काढणीत चुकलेला एखादा कंद मातीत राहतोच, तो शोधायला.

शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "अगं, माझं बेणं ने की. एकरी उतारा दुप्पट आहे."

"आणि रंग?"

"रंगाचं काय घेऊन बसलीस!"

"कापड रंगवणाऱ्या मावशी तुमचं दार सोडून आमच्याकडे का येतात, ते त्यांनाच विचारा," ती म्हणाली. हात थांबला नाही.

दोन दिवस मी बांधावरून पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खाली उतरलो. माती दगड झाली होती. संध्याकाळी पाणी सोडायचं, सकाळी उकरायचं. पहिला कंद सापडला तेव्हा मी ओरडलोच.

"अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका," ती म्हणाली. "अख्खं वावर पडलंय."

पाचव्या दिवशी तिच्या तळव्याचे फोड फुटले. मी त्या उकडलेल्या ढिगातलाच एक कंद ठेचून आणला. तिने तो लेप लावून घेतला आणि मग रडली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मीही रडलो. मग तिने तळव्याला फडकं बांधलं आणि पुढची सरी धरली.

नऊ दिवसांत दीड टोपली जमली. जेमतेम एक वाफा भरला.

"बाकीच्या वावरात काकांची हळद लावू?" मी विचारलं.

"नको. मिसळली की निवडता यायची नाही. भुईमूग लावा."

वाफा छान उगवला. पुढच्या काढणीला चार टोपल्या निघाल्या. तिने त्या मोजल्या, पानांखाली झाकल्या आणि घरात एक कंदही येऊ दिला नाही. सगळं बेण्यालाच. स्वयंपाकघरातला जुन्या हळदीचा डबा रिकामा झाला तेव्हा मला दुकानात पाठवलं. दुकानदार पोट धरून हसला. "हळदवाले, तुम्ही हळद विकत घेताय?"

मी पुडी घेऊन आलो. तिने आमटीत हळद घातली, चव घेतली.

"फिकी आहे," ती म्हणाली. "वावर भरेपर्यंत अजून तीन वर्षं हीच खायची." आणि माझं ताट वाढलं.