चेंडू कुठे थांबला

भास्करने चेंडू मारायचा, नजर मात्र पायाशीच ठेवायची आणि विचारायचं, "कुठे थांबला?" स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असलेली रजनी कणीक मळता मळता सांगायची, "कपाटाच्या अलीकडे." मग दोघांनी बघायचं. चेंडू कपाटाच्या अलीकडेच असायचा.

ही तऱ्हा त्याने डायरेक्टरसाहेबांकडून उचलली होती. नरोली रोडवरच्या सूत कारखान्याच्या गेस्ट हाउसमागे साहेबांनी गोल्फसाठी हिरवळीचा एक तुकडा राखून घेतला होता. ते मुंबईहून आले की शनिवारी संध्याकाळी इंजिनियर मंडळींना तिथे बोलावणं यायचं. साहेब म्हणत, भोकात चेंडू घालणं पुढचं, आधी हाताला अंतर कळलं पाहिजे. काठी मागे किती न्यायची एवढाच काय तो हिशेब, जोर लावायचा नाही. आणि आधी अंदाज बोलायचा, मग बघायचं. आधी बघून घेतलं की हात काही शिकत नाही.

भास्कर हे वेडासारखं करू लागला. साहेबांनी दिलेला जुना पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची गोल्फची काठी, आणि अर्धा डझन चेंडू घेऊन रोज कामावरून आला की हॉलमध्ये सुरू. हिरवळीपेक्षा मोझेकची लादी फार गुळगुळीत. जरा हात जड झाला की चेंडू थेट गॅलरीच्या उंबऱ्याला. "लादीवर जमलं की लॉनवर डोळे मिटून," तो म्हणायचा. त्याचा अंदाज नेहमी चुकायचा, रजनीचा कधीच नाही. लादीवरून जाताना चेंडू आधी घरघरायचा, मग तो आवाज बारीक होत जायचा, आणि थांबायच्या आधी एकदा अडखळल्यासारखा व्हायचा. रजनीला तेवढं पुरायचं.

"तुलाच साहेबांकडे पाठवतो."

"पाठवा. रसिकाला तुम्ही सांभाळा."

रसिका सव्वा वर्षाची. हॉलच्या मधोमध वाट्या घेऊन बसलेली असायची. एके दिवशी चेंडू तिच्या मागून आला, तिच्या अगदी जवळून पुढे गेला आणि कपाटावर टक्क आपटला. चेंडू डोळ्यांपुढे आला तेव्हा रसिकाने हात उचलला. त्याआधी नाही. रजनी दारातून बघत होती. ती पुन्हा पोळपाटाकडे वळली आणि तिने राहिलेल्या पोळ्या लाटल्या. सगळ्या गोल झाल्या.

तशी ती मुलीवर लक्ष ठेवून होतीच. मिक्सर सुरू असताना रसिका झोपायची. दिवे गेले की कारखान्याच्या कॉलनीचा जनरेटर धडधडायचा, तरी झोपायची. किती शांत मूल गं, असं बायका म्हणायच्या.

हिला नीट ऐकू येतं ना, असं रजनीने एकदा चारचौघांत विचारलं, तर शेजारच्या उषाताईंनी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. त्या जळगावच्या, आणि त्यांच्याकडे कसलीही शंका संध्याकाळपर्यंत टिकत नसे.

"आण ती परात."

"अहो, उषाताई..."

"आण म्हणते ना!" त्यांनी रसिकाच्या मागे परात दाणकन लादीवर आदळली. रसिका दचकून वळली. "माय वं! बघ, तुझ्यापेक्षा तिखट कान आहेत पोरीचे. आमचा समाधान तीन वर्षांचा होईस्तोवर शब्द बोलला नव्हता, आता तोंड बंद कर म्हटलं तरी करत नाही. कान बघायचेत तर आमच्या ह्यांचे बघ. जन्म गेला मशीनपाशी. चहा घ्या म्हटलं की विचारतात, कोण आलं?"

सगळे हसले. भास्कर सगळ्यांत मोठ्याने. रजनीही हसली.

त्या कॉलनीत सगळ्यांचंच बोलणं वरच्या पट्टीतलं. दिवसभर सुताच्या मशीनच्या आवाजात ओरडणारी माणसं घरी येऊनही ओरडायची. आणि हाक कमी पडते म्हणून लादीवर पाय आपटायचे, दारावर थापा मारायचे, खांद्याला धरून हलवायचे. भास्कर घरात शिरताना दाराशी पाय आपटायचा. रसिका वळायची, दोन्ही हात पसरायची. बापाचा आवाज कसा ओळखते, म्हणून तो कौतुक करायचा.

पण परात आदळली तेव्हा रजनी रसिकाशेजारीच बसली होती, एक तळहात जमिनीला टेकून. तो तळहात नंतरही तिला आठवत राहिला. आवाज कानात आला होता हे खरं, पण तळहातातही आला होता.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण रडूही येईना. अंगाखाली दबून बधिर झालेला हात जसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. ती धुणं वाळत घालत होती, राखोलीहून येणाऱ्या भाजीवालीशी घासाघीस करत होती, रसिकाला भरवत होती. भरवताना बोलायचं मात्र तिने सोडलं होतं.

रविवारी सकाळी भास्करने पटर काढला, तेव्हा तिने गोधडीची जाड घडी केली, हॉलच्या मध्ये ठेवली आणि रसिकाला तिच्यावर बसवलं, गॅलरीकडे तोंड करून.

"आज हिच्या मागून मारा."

"म्हणजे?"

"हिच्याकडे मारा. पण लागता कामा नये. हिच्या मागे वीतभर अंतरावर थांबला पाहिजे."

"अगं, लागला बिगला तर?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. इतके दिवस अंतरच शिकताय ना?"

भास्करने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "परातीला वळली होती की ती," तो म्हणाला.

"जमीन हलली म्हणून वळली. आता गोधडीवर बसवलंय."

त्याने चेंडू ठेवला, पटर जेमतेम मागे नेला. चेंडू अर्ध्या वाटेतच थांबला. दुसरा घरघरत गेला, बारीक झाला, अडखळला, गोधडीपासून वीतभर थांबला. रसिका वाटीत वाटी घालत होती.

"खेळात गुंगलीय."

रजनीने पुढे होऊन तिच्या हातातल्या वाट्या काढून घेतल्या. रसिका रडली नाही. गॅलरीच्या पडद्याकडे बघत राहिली.

तिसरा चेंडू दुसऱ्याला खेटून थांबला. चौथा त्याच्या शेजारी. असा हात भास्करचा आजवर कधीच बसला नव्हता. त्याची नजर आता पायाशी नव्हती, मुलीच्या मानेवर होती, तिथल्या घामाने चिकटलेल्या केसांवर. तरी एकही चेंडू चुकत नव्हता.

"रसिका!"

त्याने मशीनपाशी द्यावी तशी हाक दिली. शेजारची खिडकी उघडली. "काय झालं हो, भाऊजी?" उषाताईंनी विचारलं.

"काही नाही," रजनी म्हणाली. खिडकी बंद झाली.

पडदा वाऱ्याने हलला, तशी रसिका हसली.

भास्करने उरलेले दोन चेंडूही मारले. रजनीने त्याला थांबवलं नाही.

"वापीला कुणी कानाचा डॉक्टर आहे का?" त्याने विचारलं. आवाज इतका खाली आला होता की रजनीला पुढे वाकावं लागलं.

"वापीवाले मुंबईलाच पाठवतील. सरळ तिकडेच जाऊ."

"शनिवारी साहेब येतील, त्यांना विचारून..." त्याने पटर भिंतीला टेकवला. "उद्या जाऊ. सकाळच्या गाडीने."

"बरं."

आईजवळ जावं म्हणून रसिका गोधडीवरून मागे वळली आणि तिला चेंडू दिसले. ती थबकली. मघाशी तिथे काहीच नव्हतं. तिने चेंडूंकडे पाहिलं, मग वर छताकडे, जणू ते तिथून खाली आले असावेत. एकदम खिदळली. एक चेंडू दोन्ही हातांनी उचलून तिने भास्करपुढे धरला.

भास्कर लादीवर उकिडवा बसला. चेंडू घेताना काही बोलायला त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग तिच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून त्याने होकाराची मान हलवली, सावकाश, मोठी, तिला नीट दिसेल अशी.