वर्लिनच्या वाटणीचा कॉर्नडॉग

जत्रेतल्या स्पर्धांच्या नोंदणीच्या दिवशी आर्विला नीक्विस्टने गेलीनच्या मुरंब्याच्या तीन बरण्या टेबलावर मांडल्या आणि मग पिशवीतून चौथी वस्तू काढली. ही चौथी वस्तू गेलीनने दिलेली नव्हती.

बरण्या तिने आणल्या यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. गेलीन गावातल्या बँकेत खिडकीवर बसते, तिला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही. म्हणून गेली बावीस वर्षं तिच्या बरण्या मैत्रीण या नात्याने आर्विलाच नेऊन देते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या आमच्या ओस्टरवेल गावात निम्म्या लोकांचे मुरंबे, रजया आणि भोपळे शेजारीपाजारीच पोहोचवतात. चिठ्ठीवर नाव तेवढं ज्याचं त्याचं.

"अगंबाई, या वर्षी फोटोसुद्धा?" नोंदणीवरची मार्लिस म्हणाली. "गेलीन फोटो कधीपासून काढायला लागली?"

"गेल्या जत्रेपासून."

मार्लिसने पाकिटातून फोटो अर्धा बाहेर काढला आणि तिचा चेहरा उतरला. "आर्विला, अगं, हा तर..."

"फोटोचा नियम काय आहे, मार्लिस?"

"ज्याने काढला, त्याच्याच नावावर लागतो."

"मग लिही. गेलीन स्ट्राउड."

मार्लिसने लिहिलं. गेल्या वर्षी तिनेही तो फोटो फोनवरून तिघींना पाठवला होता, खाली खदखदून हसणारी पिवळी तोंडं लावून.

त्या फोटोत आर्विला जत्रेतल्या गोठ्याबाहेर गवताच्या गठ्ठ्यावर बसली आहे. हातात कॉर्नडॉग, म्हणजे मक्याच्या पिठात घोळून तळलेलं काडीवरचं सॉसेज. हनुवटीवर मोहरीची पिवळी चटणी, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. फोटो इंटरनेटवर गेला आणि खाली कुणा शहाण्याने लिहिलं, 'डाएट? सोमवारपासून नक्की!' आर्विला अंगाने भरलेली, त्यामुळे माकडांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ज्यांनी कधी नेब्रास्का नकाशावरही पाहिलं नव्हतं, ते लोक पोट धरधरून हसले. चहाचे मग निघाले, गाड्यांना लावायच्या चिकटपट्ट्या निघाल्या.

खरी गोष्ट अगदी साधी होती. वर्लिनला, तिच्या नवऱ्याला, जाऊन नऊ आठवडे झाले होते. दर जत्रेत पहिल्या दिवशी तो दोन कॉर्नडॉग घ्यायचा, एक तिला, एक स्वतःला, आणि स्वतःचा संपवून तिच्यातला अर्धा लाटायचा. त्या दिवशी सवयीने तिने दोन घेतले. आपला खाल्ला. दुसरा हातात गार होत राहिला. अन्न टाकायचं कसं, म्हणून तिने त्याचा घास घेतला आणि तिला हंबरडा फुटला. नेमका तेवढा क्षण जगाला सापडला.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, एकोणीस वर्षं. मुलं तिला 'सोमवारबाई' म्हणायला लागली. जानेवारीत तिने नोकरी सोडली. कॉफीच्या दुकानात काटा तोंडाशी नेला की कुठल्या तरी टेबलावरून फोन वर यायचा. जत्रेनंतर महिन्याभरातच तिने चारचौघांत खाणं बंद केलं होतं. चर्चच्या जेवणावळीत ती वाढायची आणि म्हणायची, "मी घरून खाऊन आलेय." नाताळात पोटच्या लेकाच्या घरी ती कोठीच्या खोलीत दार लावून उभ्याने जेवली. आपल्याच सुनेच्या हातचा घास चोरासारखा गिळताना तिला स्वतःचीच चीड आली.

या सगळ्या काळात गेलीन दर गुरुवारी केक घेऊन यायची. पाठीवरून हात फिरवायची. "लोकांना काळीज नाही गं," म्हणायची.

मग मे महिन्यात कुठेतरी इंटरनेटवर आर्विलाला तो फोटो अख्खा सापडला, कडा न कापलेला. खालच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा ट्रे दिसत होता आणि त्यात लिंबू सरबताचे दोन पेले. त्या दुपारी तिच्यासाठी सरबत आणायला एकच बाई गेली होती.

लेक म्हणाला, वकील गाठू. पाद्री म्हणाले, क्षमा कर. "न मागता घरपोच द्यायला क्षमा म्हणजे काय वानोळा आहे?" आर्विलाने त्यांना विचारलं. पाद्रींनी विषय बदलला. आर्विलाला पैसे नको होते, सूडही नको होता. कुणीतरी एकाने, तोंड असलेल्या, नाव असलेल्या माणसाने उभं राहून म्हणावं, हे मी केलं. तेवढं झाल्याशिवाय घास उतरणार नव्हता.

आमच्याकडे जत्रेतलं परीक्षण बंद दाराआड होत नाही. परीक्षक बाहेरच्या तालुक्यातून आणतात, म्हणजे त्याला कुणाची भीड नको. तो एकेक वस्तू उचलतो आणि सगळ्यांसमोर बरंवाईट बोलतो. नाव पुकारलं की ज्याची वस्तू त्याने उभं राहून उत्तर द्यायचं. या वर्षी फोटोंना ह्रुस्का म्हणून म्हातारेबुवा आले होते. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेले, खिशात झाकणाचा जुना फोन. मंडप भरलेला. गेलीन दुसऱ्या रांगेत, मुरंब्याच्या पहिल्या बक्षिसाची निळी रिबन मांडीवर घेऊन बसलेली.

ह्रुस्कांनी फोटो वर धरला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"हसायला काय झालं?" म्हातारा म्हणाला. "या बाई रडतायत. असा चेहरा मी दफनभूमीत पाहिलाय, उगाच नाही सांगत." त्याने चष्मा सारखा केला. "उजेड छान. पण काढणारा होता चार पावलांवर. म्हणजे रडणं कानावर पडत असणार. आणि हे सरबत... दोन पेले. एक त्या बाईंसाठीच असावं." त्याने चिठ्ठी वाचली. "नाव दिलंय, 'वर्लिनच्या वाटणीचा कॉर्नडॉग'. गेलीन स्ट्राउड आहेत का? बाई, मला एकच सांगा. आधी सरबत दिलंत, की आधी फोटो काढलात?"

गेलीन उभी राहिली. रिबन खाली पडली.

"हा मी दिलेला नाही," ती म्हणाली.

"पण काढलाय तुम्हीच ना?"

शेवटच्या रांगेतून आर्विला उठली. "बोल की गं. मुरंब्यात साखर किती, हे सांगताना तुझी जीभ कधी अडखळत नाही."

"मी फक्त आपल्या चर्चमध्ये गाणाऱ्या सहाजणींना पाठवला, आर्विला. गंमत म्हणून. पुढे कुणी पाठवला, मला काय ठाऊक?"

"त्या सहाजणी इथेच आहेत. विचार त्यांना."

एकीनेही मान वर केली नाही. टेबलामागे मार्लिस चिठ्ठ्या पुन्हापुन्हा सारख्या करत होती. प्रत्येकीने नुसता पुढे पाठवला होता, म्हणजे हे केलं कुणीच नव्हतं!

गेलीनने फोटोकडे पाहिलं. "आधी फोटो," ती म्हणाली. "मी आधी फोटो काढला. मग सरबत दिलं." आणि ती रडायला लागली. "मला माफ कर गं."

"ते आपण गुरुवारी बघू. केक आणू नकोस," आर्विला म्हणाली. तिचाही आवाज कापत होता, पण तिने तो दाबला नाही.

"याला रिबन कोणती देऊ?" ह्रुस्कांनी चाचरत विचारलं.

"रिबन नको. जत्रेचे चारही दिवस इथेच टांगा. चिठ्ठीसकट."

मग ती मंडपाबाहेर गेली. समोरच्या गाड्यावरून तिने दोन कॉर्नडॉग घेतले, भरपूर मोहरी घालून, आणि परत येऊन तोवर टांगलेल्या फोटोखालच्या खुर्चीत, सगळ्यांकडे तोंड करून बसली. तिने पहिला घास घेतला. अकरा महिन्यांनी चारचौघांत घेतलेला घास. घशात अडकला, पण उतरला.

मागे जत्रा बघायला आलेल्या एका परक्या माणसाने फोन वर धरला.

"काढा, काढा," आर्विला तोंडात घास असतानाच म्हणाली. "फक्त खाली काय लिहायचं, ते मी सांगते. लिहा, आर्विला नीक्विस्ट. नवऱ्याच्या वाटणीचंही खातेय. आणि तुमचं नाव काय, तेही खाली लिहा."

त्या माणसाचा फोन हळूच खाली गेला.

तिने पहिला संपवला आणि दुसरा उचलला, वर्लिनचा. हनुवटीवर मोहरी ओघळली. तिने ती पुसली नाही.